मागच्या सीटचं माप

"ते जाड जाकीट घाला," बायको म्हणाली, तेव्हा मिस्त्रींना फार बरं वाटलं. आपल्याला वारा लागू नये म्हणून ती सांगते आहे, असा त्यांनी अर्थ काढला. नवऱ्यांची जातच अशी, स्वतःच्या सोयीचा अर्थ पहिल्या झटक्यात काढून मोकळी होते.

थंडी अशी नव्हतीच. पण मोटरसायकलचं नाव निघालं की जी बाई नऊ वर्षं उठून स्वयंपाकघरात जात होती, ती आज आपण होऊन गाडी बघायला निघाली होती. तिने रजई पांघरून चला म्हटलं असतं तरी मिस्त्री पांघरून निघाले असते. त्यांनी कपाटाच्या तळातून जाकीट ओढून काढलं. काळं, खांद्यांवर आतून दुहेरी पट्टी घातलेलं, डांबरगोळ्यांचा वास मारणारं. उजव्या बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत रस्त्याने खरवडल्याची खूण होती. त्या खुणेकडे न बघता त्यांनी बाहीत हात घातला.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना सुखरूप वर नेलं होतं आणि सुखरूप खाली आणलं होतं, आणि येत्या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. बायको सीट शिवायची. मोटारींच्या, न्हाव्याच्या खुर्च्यांच्या, दवाखान्यातल्या बाकांच्या. घराच्या पुढच्या खोलीत तिचं जड मशीन होतं आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या. गेल्या महिन्यात एका दातांच्या डॉक्टरांची खुर्ची तिच्याकडे आली होती. ती पोचवायला गेली असताना डॉक्टरांच्या अंगणात तिने ती मोटरसायकल पाहिली. रात्री जेवताना म्हणाली, "डॉक्टर गाडी विकतायत. लांबच्या प्रवासाची आहे. मागची सीट मोठी आहे." मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

"तू बसशील?"

"एकदा बसून बघेन. नाही जमलं तर हा विषय संपला. तुम्ही परत काढायचा नाही, मीही काढणार नाही."

लग्न झाल्यापासून दर वर्षी आठ दिवसांची रजा टाकून दोघं मोटरसायकलवरून लांब जायची. समुद्र म्हणा, डोंगर म्हणा, रस्ता नेईल तिथे. मिस्त्री चालवायचे आणि ती मागे बसून आजूबाजूचं बघत, मध्येच त्यांच्या पाठीत तोंड घालून गुणगुणायची. मग नऊ वर्षांपूर्वी एका वळणावर खडीवरून गाडी घसरली. मिस्त्रींचं खरचटण्यावर भागलं. तिचा खुबा मोडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, चार महिने अंथरुणात गेले, आणि उजवा पाय चालताना कायमचा लचकायला लागला. जुनी गाडी भंगारात गेली. नकाशा मात्र मिस्त्रींनी टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. निवृत्तीनंतर काय करायचं याचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मागच्या सीटवर कुणी नसताना खरं होणार नव्हतं. एकट्याने जायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. एकट्याने जायचंच नव्हतं.

म्हणून पंधरा दिवस मिस्त्रींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हातातून पाना निसटायचा, चहा निवून जायचा. आज त्या सगळ्याचा निकाल लागायचा होता.

डॉक्टरांनी गाडी धुऊनपुसून अंगणात उभी केली होती. माणूस बोलका. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची त्यांना धंद्यामुळे सवय लागलेली.

"सोफा आहे हो, सोफा. एका दमात तीनशे किलोमीटर जा. काही कळणारसुद्धा नाही."

दातांचे डॉक्टर 'काही कळणारसुद्धा नाही' म्हणाले की माणसाने सावध व्हावं. मिस्त्रींनी आधी इंजिनला हात लावला. गार होतं, म्हणजे आपण यायच्या आधी चालू करून ठेवलेलं नव्हतं. हा पहिला चांगला गुण. मग ते उकिडवे बसले. लिफ्टवाल्याची रीत अशी, की जे थांबवतं ते आधी बघायचं आणि जे चालवतं ते मागाहून. त्यांनी ब्रेकच्या चकत्यांवर नख फिरवलं, दोन्ही टायरांच्या खाचा मोजल्या, चेन बोटाने उचलून सैल किती ते पाहिलं, पुढचं चाक हलवून बघितलं. गाडी खरोखर चांगली होती. जसजसा दोष सापडेना, तसतसे ते आणखी बारकाईने शोधायला लागले. कारण गाडीत खोट निघाली असती तर निदान दोष गाडीवर गेला असता.

बायकोने इंजिनकडे ढुंकून पाहिलं नाही. डॉक्टरांकडून किल्ली घेतली, सीट सोडवली आणि अंगणातल्या बाकावर उपडी टाकली. मग सुलटी केली. अंगठ्याने एकेक जागा दाबत ती पुढून मागे गेली आणि मध्येच थांबली. तेवढ्यात डॉक्टरांची बायको चहा घेऊन बाहेर आली.

"मागे तुम्ही बसायचात ना, ताई?" मिस्त्रींच्या बायकोने विचारलं.

"मी नाहीतर कोण?"

"सारख्या पुढे घसरायचात."

डॉक्टरांच्या बायकोने ट्रे बाकावर ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मागच्या सीटचा फोम पुढच्या कडेला बसलाय. शिवण पण तिथेच ताणली आहे. ब्रेक लागला की तुम्ही यांच्या पाठीवर, मग परत सरकून मागे."

"बघा," डॉक्टरांची बायको नवऱ्याला म्हणाली, "मी सांगत होते तेव्हा तुम्हाला पटत नव्हतं." मग मिस्त्रींच्या बायकोजवळ बसून तिने मन मोकळं केलं. मागचे पायदान उंच आहेत, गुडघे पार पोटात येतात. उजव्या पोटरीला सायलेन्सरची झळ लागते. दोन तासांच्या वर बसायचं नाही, यांनी कितीही गळ घातली तरी. बाकी गाडी गुणी आहे.

डॉक्टर चहाच्या कपात बघत म्हणाले, "सीटवरून मागे बसलेल्या माणसाचं एवढं कळतं?"

"मागच्याचं काय कळायचंय," बायको म्हणाली. "पुढच्याचं कळतं."

सगळे हसले. मिस्त्री जरा उशिरा हसले.

सीट परत बसवून, ठरल्याप्रमाणे आधी मिस्त्री एकटेच एक फेरी मारून आले. लिफ्टसुद्धा रिकामी चालवून बघितल्याशिवाय ते कुणाला आत पाऊल ठेवू देत नसत. परत येऊन त्यांनी मागचा शॉकअप दोन खाचा कडक केला, मागचे दुमडलेले पायदान काळजीने खाली पाडले आणि हँडल घट्ट धरून बसले. बायकोने डॉक्टरांच्या बायकोचं हेल्मेट चढवलं. पट्टा लावता लावता ती सहज म्हणाली, "आपले ठोके आठवतात ना?"

"ते कसे विसरेन," मिस्त्री म्हणाले.

ते ठोके त्यांच्याच कामातून घरात आले होते. लिफ्टच्या दुरुस्तीत एक जण वर यंत्राच्या खोलीत असतो आणि दुसरा खाली लिफ्टच्या टपावर उभा. मधल्या लोखंडात हाका ऐकू जात नाहीत, म्हणून पान्याने ठोकायचं. एक ठोका म्हणजे चालव. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे थांब. ठोका चुकला तर खालचा माणूस चिरडतो. सात मजले खालून आलेला ठोकाही मिस्त्रींनी चौतीस वर्षांत कधी चुकवला नव्हता, आणि कामावर त्यांचं नाव होतं ते याच एका गोष्टीसाठी. लग्नानंतर हीच भाषा त्यांनी बायकोला शिकवली. पाना नाही, तर खांद्यावर बोटं.

त्या दिवशी तिने दोन ठोके दिले होते. एक तरणा गडी त्यांना मागे टाकून गेला होता आणि जाताना वळून हसला होता. मिस्त्रींचं डोकं फिरलं. त्यांनी गाडी पिळली. खांद्यावर दोन ठोके पडले. कळले. पुन्हा दोन पडले, जोरात. तेही कळले. एवढा एक मागे टाकतो आणि मग हळू करतो, असं त्यांनी मनात म्हटलं, आणि वळण आलं.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली होती, "मी ठोकलं होतं. दोनदा." आणि मिस्त्री म्हणाले होते, "जाकीट जाड होतं गं. कळलंच नाही." तिने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यावर पुन्हा एक अक्षर निघालं नाही. ते खोटं मग त्यांच्या घरात राहायलाच आलं, आणि इतक्या वर्षांत कुणी त्याला जा म्हटलं नाही. मिस्त्रींनी खुबा मोडल्याची भरपाई भांडी घासून केली, तिची जड कामं उचलून केली, रात्री पाय चेपून केली. सांगितलं मात्र नाही. आता इतक्या उशिरा सांगून काय मिळणार, असं ते दर वर्षी ठरवत आले.

आज त्यांनी वेगळंच ठरवलं होतं. आज खांद्यावर माशी बसली तरी आपल्याला कळली पाहिजे.

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चांगला पाय पायदानावर रोवला आणि दुखरा पाय सीटवरून पलीकडे न्यायला गेली. पाय अर्ध्यात अडकला. डॉक्टर मदतीला पुढे झाले तर त्यांच्या बायकोने त्यांना मागे ओढलं. दुसऱ्या खेपेला पाय पलीकडे गेला आणि गाडी मागून खाली बसली. ते वजन मिस्त्रींना नऊ वर्षांनी पाठीमागे जाणवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. हेल्मेट होतं म्हणून निभावलं.

खांद्यावर एक ठोका पडला. मिस्त्रींनी क्लच इतका हळू सोडला की गाडी निघाली ते गाडीलाच कळलं नसेल.

सुट्टीचा दिवस होता. गोदामांच्या रांगेशेजारचा रस्ता रुंद आणि मोकळा होता. पहिला किलोमीटरभर ती ताठ बसली होती. दोन्ही हातांनी तिने जाकीट मुठीत आवळलं होतं, आणि साधा खड्डा आला तरी तिचे गुडघे त्यांच्या कमरेला घट्ट लागायचे. पहिलं वळण दिसलं तसा मिस्त्रींनी वेग एवढा कमी केला की एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला. खुशाल जा बाबा, असं मिस्त्रींनी मनात म्हटलं. दुसऱ्या वळणाला तिची एक मूठ सुटली. शाळेच्या लांब भिंतीशी आले तेव्हा दुसरीही सुटली आणि तिने मागची कडी धरली. आणि मग, इंजिनाच्या आवाजाच्या आत कुठेतरी, पाठीशी गुणगुणणं सुरू झालं. अर्धी ओळ, मग थांबणं, मग पुन्हा तीच अर्धी ओळ. मिस्त्रींना वाटलं, जमलं. देवा, जमलं.

भिंत संपली. पुढे उताराचा सरळ रस्ता होता. चिटपाखरू नव्हतं, खडी नव्हती, वेग जेमतेम चाळीस. गुणगुणणं थांबलं.

खांद्यावर दोन ठोके पडले. कपड्यावरचा धागा झटकावा इतके हलके.

मिस्त्रींचा हात आपोआप सैल झाला. गाडी तिसावर आली. लगेच आणखी दोन ठोके, त्याहून हलके. गाडी माणसाच्या चालीवर आली. मग तीन. मिस्त्रींनी कडेला घेऊन गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवले. ती उतरली. समोर येऊन तिने हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"कळलं तुम्हाला?"

"कळलं की. पहिल्याच ठोक्याला." मिस्त्री खुशीत आले होते. "हलका होता, तरी लगेच कळला. आता तू काळजीच करू नकोस, तू नुसतं बोट लावलंस तरी मला..."

तिने हात पुढे करून जाकिटाचा खांदा चिमटीत धरला आणि दोन बोटांत चोळला. गिऱ्हाइकाने आणलेल्या रेक्झिनची जाडी ती अशीच बघायची.

"तेच जाकीट आहे ना हे?" ती म्हणाली.

तापलेलं इंजिन गार होताना टिकटिक करत होतं. मिस्त्रींना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी वारा होता, वेग जास्त होता, शेजारून ट्रक जात होता, अशी सगळी उत्तरं जिभेवर येऊन उभी राहिली. एखादं तरी टिकलं असतं.

"आत्ता मी एका बोटाने ठोकलं," बायको म्हणाली. "त्या दिवशी मुठीने ठोकलं होतं. म्हणजे मला तसं आठवत होतं. तुम्ही कळलंच नाही म्हणालात. मग मला वाटायला लागलं, घाबरून माझा हात उचललाच गेला नसेल. आपणच नीट ठोकलं नाही, म्हणून पडलो. नऊ वर्षं मी तेच धरून बसले होते."

हे मिस्त्रींच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खोटं आपल्याच उरावर आहे, असं ते समजून चालले होते. ते तिच्या उरावर होतं.

"ठोकलं होतंस," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. मुठीनेच. दोन्ही वेळा कळलं होतं मला."

"मग?"

"एक जण पुढे गेला होता. वळून हसला. त्याला मागे टाकायचं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

ती रस्त्याच्या पलीकडच्या गोदामाचं कुलूप बघत राहिली. मिस्त्रींना वाटलं, ही आता रडेल, किंवा आपल्याला बोल बोल बोलेल, आणि दोन्हींतलं काहीही झालं असतं तरी त्यांना सोपं गेलं असतं.

"मला वाटायचं, काहीतरी मोठं कारण असेल," ती शेवटी म्हणाली.

"मग तू बसायला तयार तरी कशी झालीस?"

"मला फिरायचंय. या पायाने जेवढं जमेल तेवढं, आणि एकटीने नाही. पण कुणाच्या मागे बसतेय ते आधी कळायला नको?"

हेल्मेट कोपरात अडकवून ती आल्या वाटेने चालायला लागली.

बस मागे, असं म्हणायची मिस्त्रींची हिंमत झाली नाही. गाडी चालू करून तिच्या बाजूने हळूहळू नेण्याचीही झाली नाही. त्यांनी गाडी फिरवली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि ढकलायला सुरुवात केली. दोनशे किलोची गाडी, साठीला आलेला माणूस, अंगात ते जाकीट. येताना जो उतार होता तो आता चढ झाला होता. ती पुढे लचकत चालली होती आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती. शाळेच्या भिंतीपर्यंत येता येता मिस्त्रींच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. दम लागून ते थांबले की गाडी मागे सरकायची, म्हणून थांबायचीही सोय नव्हती. मान खाली घालून ते लोटत राहिले. कधी ती त्यांच्या बरोबरीला आली आणि कधी मागे पडली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग एकाएकी गाडी हलकी लागली.

त्यांनी वळून पाहिलं. हेल्मेट पिशवीसारखं दंडात अडकवून, मागची कडी दोन्ही हातांनी धरून, लचकता पाय टेकत बायको गाडी ढकलत होती. चेहरा काही मऊ झालेला नव्हता.

"पुढे बघा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी पुढे बघितलं.

डॉक्टर फाटकापर्यंत धावत आले. "बंद पडली की काय? कालपर्यंत तर एकदम..."

"गाडीत काही दोष नाही," बायको म्हणाली. तिने हेल्मेट डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिलं आणि पिशवीतून मोजपट्टी काढली. "सीट सोडवून द्या. तेवढी आज घेऊन जाते. पुढची कडा उचलावी लागेल आणि मागे दोन बोटं रुंदी वाढवावी लागेल. माझ्या मापाची."

माझ्या, असं ती म्हणाली. मिस्त्रींनी ते नीट ऐकलं. गाडी स्टँडवर लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"आणि तुम्ही," बायको त्यांच्याकडे वळली, "जाकीट काढा."

"आत्ता?"

"सीटला फोमखाली जाड कापड लागतं. बाजारातलं पातळ असतं." तिने हात पुढे केला. "हे चांगलं जाड आहे. तुम्हीच सांगितलं होतंत."

घामाने बाह्या दंडांना चिकटल्या होत्या. डॉक्टर आणि त्यांची बायको बघत होती, आणि मिस्त्री अंगणाच्या मध्ये उभे राहून एक एक हात सोडवत होते.